पानांचा सांगावा

कोबीच्या पानाच्या खालच्या बाजूला कधीकधी पिवळ्याधमक रेशमी कोषांचा एक पुंजका दिसतो. कोष जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्यावर किंवा शेजारी एक मलूल अळी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, अळीने अंडी घातली आहेत. हा समज फार जुना आहे. बोलोन्याचे निसर्गअभ्यासक उलिस्से आल्द्रोवांदी यांनी १६०२ साली हे कोष अंडी म्हणूनच नोंदवले. अळी म्हणजे फुलपाखराचं बालपण, ती अंडी घालेलच कशी, हा प्रश्न पुढे नेऊन त्याचं उत्तर मिळायला जवळपास शंभर वर्षं लागली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आन्तोनिओ वालिस्निएरी यांनी उलगडा केला, की हे कोष अळीच्या पोटात वाढून बाहेर पडलेल्या दुसऱ्याच एका कीटकाचे आहेत.

तो कीटक म्हणजे कोटेशिया ग्लोमेराटा, तीन मिलिमीटरची काळी परोपजीवी गांधीलमाशी. पोळं करून राहणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या गांधीलमाश्यांशी हिचं लांबचं नातं असेल तेवढंच. माणसाशी हिला काही कर्तव्य नसतं. मादी कोवळ्या अळीवर बसते, पोटाच्या टोकाची बारीक अंडनलिका तिच्या अंगात खुपसते आणि काही क्षणांत २०-३० अंडी आत सोडून उडून जाते. अंड्यांबरोबर एक विषाणूही आत जातो. तो या माशीच्या स्वतःच्या जनुकांमध्येच कायमचा वस्तीला आलेला आहे आणि दोघांची सोबत सुमारे १० कोटी वर्षांची आहे. अळीच्या रक्तात परक्या गोष्टीला घेरून मारणाऱ्या पेशी असतात, त्या पेशींना हा विषाणू निकामी करतो. मग पिल्लं निवांत वाढतात. ती अळीचं रक्त पितात, पण ज्याच्यावाचून ती मरेल अशा कुठल्याही अवयवाला धक्का लावत नाहीत. वाढ पूर्ण झाली की सगळी जवळपास एकाच वेळी कातडी भेदून बाहेर येतात आणि कोष विणतात.

अळी त्यानंतरही जिवंत असते. माझ्या वाफ्यात असा एक पुंजका सापडला तेव्हा मी भिंग घेऊन त्याच्यापुढे बराच वेळ बसलो. अळीच्या कुशीवर बारीक काळपट भोकं दिसत होती. ती कोषांवर आपलं स्वतःचं रेशीम विणत होती, डोकं सावकाश इकडून तिकडे नेत. मी गवताची एक काडी जवळ नेली. तिने पुढचं निम्मं अंग झटक्यात उचललं आणि काडीवर धडक मारली. काडी मागे घेतल्यावर पुन्हा कोषांवर येऊन बसली. पान तोंडाशी होतं, पण ती खात नव्हती. आपल्याला आतून पोखरून निघालेल्यांची राखण करत ती काही दिवस तशीच राहते आणि मरते. बघताना अंगावर काटा येतो. या कीटकांच्या कामगिरीबद्दल उत्साहाने बोलताना हा काटा विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. आपण पीक वाचवतो म्हणतो तेव्हा कुणीतरी असं संपत असतं.

पण मला याहूनही जास्त खिळवून ठेवतो तो दुसरा प्रश्न. या माशीला ती अळी सापडली कशी?

माशीच्या मापाने बघितलं तर शेत अफाट असतं. अळी हिरव्यात हिरवी, तीही पानाखाली दडलेली. आपल्या विष्ठेच्या वासावरून शत्रू माग काढतो म्हणून काही अळ्या ती विष्ठासुद्धा अंगापासून लांब उडवून देतात. अळीचं सगळं आयुष्य लपण्यासाठीच घडलेलं आहे. आणि तरी माशी वाऱ्याला तोंड करून नागमोडी उडत येते आणि नेमक्या त्याच झाडावर उतरते. तिला बोलावणारी अळी नसते, तिला बोलावतं झाड.

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत टेड टर्लिंग्ज, जिम टमलिन्सन आणि त्यांच्याबरोबर जो लुइस यांनी हे मक्याच्या रोपांवर दाखवून दिलं. त्यांचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. लष्करी अळीच्या जातभाईंपैकी एका अळीने मक्याचं रोप कुरतडलं की काही तासांनी ते रोप टर्पीन जातीची सुगंधी रसायनं मोठ्या प्रमाणात सोडू लागतं आणि कोटेशियाची दुसरी एक जात त्या वासाकडे झेपावते. ब्लेडने पान ओरबाडलं तर हे तसं घडत नाही. ओरबाडलेल्या जागी अळीच्या तोंडातली लाळ लावली की मात्र घडतं. म्हणजे पान नुसतं फाटलेलं नाही, ते खाल्लं जात आहे, हे झाडाला कळतं. पुढे हेही दिसलं, की अळीने न शिवलेली, त्याच रोपाची धडधाकट पानंसुद्धा तो वास सोडू लागतात. सगळं झाड बोलू लागतं.

कापलेल्या गवताचा जो ताजा हिरवा वास येतो तो यातला पहिला भाग. तो जखम होताक्षणी सुटतो आणि त्यातून एवढंच समजतं की इथे काहीतरी तुटलं. कात्रीने तुटलं, गुराने तोडलं की वाऱ्याने मोडलं, ते त्यात नसतं. नेमकी बातमी त्या दुसऱ्या, उशिराने येणाऱ्या वासात असते. ती किती नेमकी असावी? लुइस आणि टमलिन्सन यांच्याबरोबर काम करणाऱ्या कॉन्सुएलो दे मोराएस आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली कार्डिओकायलिस नायग्रिसेप्स नावाच्या माशीवर काम प्रसिद्ध केलं. ही माशी तंबाखूची कळी खाणाऱ्या एकाच अळीत अंडी घालते. त्या अळीची अगदी जवळची बहीण शोभावी अशी दुसरी अळी असते, तिच्याकडे ही ढुंकून बघत नाही. संशोधकांनी दोन झाडांवर या दोन अळ्यांना खाऊ दिलं, मग अळ्या काढल्या, खाल्लेली पानंसुद्धा काढून टाकली. माशी तरीही आपल्या अळीने खाल्लेल्या झाडाकडेच गेली. नुकसान दोन्हीकडे सारखंच दिसावं, पण आपल्याला कोण खातंय हे झाड वेगवेगळ्या मिश्रणांतून सांगत होतं.

अळीच्या लाळेतलं जे रसायन झाडाला जागं करतं त्याला व्होलिसिटिन असं नाव दिलं गेलं. १९९७ साली ते वेगळं काढण्यात यश आलं. त्याची घडण मी वाचली तेव्हा थक्क झालो: त्यातला मेदाम्लाचा भाग अळीने झाडाकडूनच घेतलेला असतो आणि त्याला जोडलेला ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा भाग अळीचा. झाडाची वस्तू झाडाकडे परत येते आणि झाड तिच्यावरून चोर ओळखतं.

आता माशीची बाजू. ती हा वास जन्मजात थोडाफार ओळखते, पण बाकीचं शिकते. जो लुइस आणि ताकासू यांनी १९९० सालीच मायक्रोप्लायटिस क्रोसेपिस या माशीला व्हॅनिला आणि चॉकलेट असे दोन वास शिकवले, जे तिच्या रानात कधीच नसतात. एक वास अन्नाबरोबर दिला, दुसरा अळीबरोबर. नंतर माशी भुकेली असली की अन्नाच्या वासाकडे जाई आणि पोट भरलेलं असलं की अळीच्या. एवढ्याशा डोक्यात दोन आठवणी वेगवेगळ्या खणांत राहतात आणि गरजेप्रमाणे त्यातली एक बाहेर येते. मला हा सगळ्या विषयातला कळीचा प्रयोग वाटतो. जी शिकते तिला फसवणूकही कळणार. वासामागे गेलं आणि काहीच मिळालं नाही, असं पुन्हापुन्हा झालं, तर ती त्या वासाला दाद देणं सोडणार.

आणि नेमकं इथेच माणसाचे प्रयत्न अडखळतात. झाड कोणती रसायनं सोडतं हे कळल्यावर ती कुपीत भरून शेतात टांगायची कल्पना सुचणं साहजिक होतं. माश्या येतात, हे अनेक ठिकाणी दिसलेलं आहे. पण शेतभर सारखाच वास दरवळत असेल तर त्यातून काय समजायचं? प्रत्येक झाड ‘माझ्याकडे अळी आहे’ म्हणत असेल तर खरी अळी असलेलं झाड शोधायचं कसं? पिकात अळीच नसताना कुप्या लावल्या, तर आजूबाजूच्या रानातून बोलावलेल्या माश्या उपाशी फिरतात, आणि जिथे त्यांची खरोखर गरज होती तिथून मात्र त्या उठून आलेल्या असतात. सांगावा धाडायचा तर तो खरा असला पाहिजे, आणि आलेल्या माशीला काहीतरी मिळालं पाहिजे.

म्हणूनच जपानमधल्या क्योतोजवळच्या मियामा गावातला प्रयोग मला आवडतो. क्योतो विद्यापीठाचे जुंजी ताकाबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ आणि २००८ साली शेतकऱ्यांच्या हरितगृहांमध्ये केला. पीक मिझुना, मोहरीच्या कुळातली पालेभाजी. कीड चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, जी सगळ्या कोबीवर्गीय पिकांची वैरीण आहे. त्यांनी चार रसायनांचं मिश्रण कुप्यांत ठेवलं, कुरतडलेलं झाड ज्या वासाने बोलावतं त्याच वासाचं. आणि शेजारी मध ठेवला. माश्या विकत आणून सोडल्या नाहीत. भोवतालच्या रानात आणि शेतांत कोटेशिया व्हेस्टॅलिस मुळातच होती, तिलाच आत बोलावलं. कुप्या आणि मध असलेल्या हरितगृहांत अळीचं प्रमाण कमी राहिलं. मला यात मधाचं महत्त्व वासाइतकंच वाटतं. मोठी झालेली परोपजीवी माशी अळी खात नाही, तिला गोड रस लागतो. तो नसेल तर काही जाती दोन-चार दिवसांतच मरतात, मिळाला तर कित्येक आठवडे जगून अंडी घालत राहतात. तणाचा शेवटचा कोंब उपटलेल्या, बांधावर एकही फूल नसलेल्या शेतात या माशीने जगायचं कशावर, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

केनियात झियाउर खान, जॉन पिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपीच टाळली. मक्याच्या ओळींमध्ये त्यांनी मोलॅसिस ग्रास नावाचं गवत लावलं. खोडकिड्याने पोखरलेला मका जे एक रसायन सोडतो, तेच हे गवत कुणी न खाताही सतत सोडतं. खोडकिड्याच्या पतंगाला तो वास नको असतो, कोटेशिया सेसामिए या माशीला हवा असतो. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: खोडकिड्याचा प्रादुर्भाव घटला आणि परोपजीवी माश्या लागलेल्या अळ्यांचं प्रमाण वाढलं. गवत खोटं बोलतं असा आक्षेप इथे घेता येईल. पण शेजारच्या मक्यात खोडकिडा असतोच. गवताच्या वासाने आलेल्या माशीला हाकेच्या अंतरावर अळी मिळते, म्हणून ते बोलावणं फुकट जात नाही.

याच मंडळींच्या पुढच्या कामातून आलेली एक गोष्ट मला चटका लावून गेली. मक्याच्या काही जुन्या गावरान जाती, पतंगाने पानावर नुसती अंडी घातली तरी लगेच वास सोडतात आणि अंड्यांवरच्या व अळ्यांवरच्या दोन्ही माश्यांना बोलावतात. कुरतडायला अजून सुरुवातही झालेली नसते. तपासलेल्या संकरित वाणांमध्ये मात्र हा गुण आढळला नाही. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. उत्पन्न, कणसाचा आकार, पक्व होण्याचा काळ, हे सगळं बघून आपण वाण निवडले. झाडाला बोलता येतं का, हे निवडीच्या वेळी कुणी बघितलंच नाही. तो गुण कुणी मुद्दाम काढून टाकला नव्हता. लक्ष नव्हतं म्हणून गेला. मी यापुढे कुठल्याही वाणाचं कौतुक ऐकताना हा प्रश्न मनात ठेवणार आहे.

अंड्यांवरच्या माश्यांमध्ये सगळ्यांत प्रसिद्ध ट्रायकोग्रामा. शेतीची थोडी माहिती असलेल्यांना ट्रायकोकार्ड ठाऊक असतं: कार्डावर चिकटवलेली धान्यातल्या पतंगाची अंडी, आत वाढणारी ट्रायकोग्रामा, आणि पिकात टांगल्यावर त्यातून निघणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या माश्या. पतंगाच्या अंड्यावर ही माशी चढते, शिंगांनी त्यावर टकटक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाते. त्या चालण्यावरून तिला अंड्याचं आकारमान कळतं आणि त्यात आपली किती अंडी मावतील हे ती ठरवते. तीन-चार दिवसांत ते अंडं काळं पडतं, आणि मग त्यातून अळी कधीच निघत नाही. हिचीही नाकाशी गाठ आहे. फुलपाखराच्या नराने मीलनाच्या वेळी मादीच्या अंगावर, दुसऱ्या नरांनी तिच्या वाटेला जाऊ नये म्हणून, एक वास सोडलेला असतो. ट्रायकोग्रामा तोच वास ओळखते, त्या मादीच्या अंगावर चढून बसते आणि ती अंडी घालायला जिथे उतरेल तिथपर्यंत फुकट प्रवास करते. २००५ साली कोबीवरच्या मोठ्या पांढऱ्या फुलपाखरावर हे दाखवलं गेलं. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात आपण जी युक्ती वापरतो, तीच ही माशी न शिकवता वापरत आली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, फवारून मोकळं का होऊ नये, असं विचारणाऱ्याला मी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाकडेच बोट दाखवतो. शेतातल्या किडींमध्ये डीडीटीला न जुमानणारी म्हणून पहिल्यांदा नोंदली गेली ती हीच, १९५३ साली जावा बेटावर. अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूच्या फवारणीलाही शेतात पहिल्यांदा हीच सरावली. हवाईतली ती नोंद १९९० सालची. पिढी तीनेक आठवड्यांत उलटते, एक मादी शंभराच्या वर अंडी घालते, आणि दर फवारणीतून वाचलेल्या अळ्या पुढची पिढी घडवतात. माश्यांचं तसं होत नाही. त्या संख्येने कमी असतात, पानापानावर फिरत असल्याने विष त्यांच्या पायांना लागतं, आणि अळ्या संपल्या की वाचलेल्यांनाही अंडी घालायला जागा उरत नाही. मग अळ्या परत येतात तेव्हा त्यांना आवरणारं कुणी नसतं.

तरीही या माश्यांच्या नावाने भाबडेपणा करू नये. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं, की कोबीचा तोच वास आणखी कुणीतरी ऐकत असतं. लायसिबिया नाना ही माशी कोटेशियाच्या कोषांमध्ये आपली अंडी घालते, म्हणजे परोपजीवीवरची परोपजीवी. अळीच्या पोटात कोटेशियाची पिल्लं असली की अळीची लाळ बदलते, लाळ बदलली की झाडाचा वास बदलतो, आणि तो बदललेला वास लायसिबियाला वाट दाखवतो. आपण कुपी लावून कोटेशियाला बोलावतो तेव्हा तिच्या शत्रूलाही तर बोलावत नाही ना, हे प्रत्येक मिश्रणासाठी वेगळं तपासावं लागेल. रेशीम विणत कोषांवर बसलेली ती अळी नेमकी याच माशीला हुसकावत असते.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. ट्रायकोग्रामा अंड्यातच काम संपवते, त्यामुळे पान वाचतं. पोटात पिल्लं असलेली अळी मात्र पुढे कित्येक दिवस खात राहते. एकच पिल्लू असेल तर बहुधा तिचं खाणं कमी होतं, पण बरीच पिल्लं एकत्र वाढत असतील तर काही जातींच्या अळ्या निरोगी अळीपेक्षाही जास्त खातात. शेतकऱ्याला पानावर भोकं दिसतात, अळ्या वळवळताना दिसतात, आणि तो पंप पाठीला लावतो. त्याची चूक नाही. पोटातली माशी बाहेरून दिसत नाही.

ती दिसण्यासाठी एक साधी गोष्ट करता येते. पिकाच्या वेगवेगळ्या भागांतून दहाएक अळ्या उचलायच्या, जाळीचं झाकण असलेल्या डबीत पानांसकट ठेवायच्या, रोज ताजा पाला घालायचा आणि पतंगाचा कोष होतो की माशीचा ते बघायचं. कोटेशिया व्हेस्टॅलिसचा कोष पांढरा, एका अळीमागे एकच असतो, ओळखायला अवघड नाही. दहांपैकी सात-आठ अळ्यांतून तसे कोष निघाले, तर त्या पिकातल्या बहुतेक अळ्यांचे पतंग होणारच नाहीत. त्या दिवशी फवारणी केली तर मरतील त्या मुख्यतः अळ्यांच्या पोटातल्या माश्या.